'हिंद स्वराज्य' वर्गात वाचताना

१३ नोव्हेंबर १९०९ रोजी 'किल्डोनन कॅसल' ही आगबोट इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर चाळीस वर्षांचे एक बॅरिस्टर होते. ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी ते चार महिने लंडनमध्ये होते आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परत चालले होते. बोटीवरचेच कागद घेऊन त्यांनी गुजरातीत लिहायला सुरुवात केली. उजवा हात दुखू लागला की डाव्या हाताने लिहीत. दहा दिवसांत, २२ नोव्हेंबरला, पुस्तक पुरे झाले. 'हिंद स्वराज्य' ते हेच. डिसेंबरमध्ये ते 'इंडियन ओपिनियन'मध्ये दोन हप्त्यांत छापून आले, १९१० च्या जानेवारीत पुस्तकरूपाने निघाले आणि मार्चमध्ये मुंबई सरकारने त्याच्यावर बंदी घातली.

वाचक आणि संपादक यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेली ही वीस छोटी प्रकरणे आहेत. वाचक तापलेला आहे. इंग्रजांना बळाने हाकलून द्यावे असे त्याला वाटते. लंडनमध्ये त्या वर्षी अशा मताचे अनेक हिंदी तरुण गांधीजींना भेटले होते. १ जुलैला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या होत्या. विजयादशमीच्या समारंभात गांधीजी आणि सावरकर एकाच व्यासपीठावरून बोलले होते. त्या सगळ्यांना संपादक जे उत्तर देतो ते थोडक्यात असे: इंग्रज गेले आणि त्यांची राज्यपद्धती, त्यांचे कारखाने, त्यांची हाव इथेच राहिली, तर त्याला स्वराज्य म्हणता येणार नाही. आपला खरा झगडा इंग्रज माणसांशी नसून त्यांनाही ज्या सुधारणेने ग्रासले आहे तिच्याशी आहे. इथवर वाचताना आपण माना डोलावतो. मग संपादक रेल्वे, वकील, डॉक्टर आणि यंत्रे यांच्यावर घसरतो आणि आपली पंचाईत होते.

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची तर जास्तच. आम्ही पाहिले आहे की अशा वेळी दोनच वाटा वापरल्या जातात. एक म्हणजे महात्म्याचे पुस्तक म्हणून हात जोडायचे आणि त्यातले काही मनावर घ्यायचे नाही. दुसरी म्हणजे हसून सोडून द्यायचे. यातले हसणे जुने आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत हे पुस्तक पाहिले तेव्हा त्यांना ते इतके कच्चे वाटले की, हिंदुस्थानात एक वर्ष काढल्यावर गांधी स्वतःच ते नष्ट करतील असे भाकीत त्यांनी केले. गांधीजींनी तसे काही केले नाही. १९२१ साली त्यांनी लिहिले की एका मैत्रिणीच्या आग्रहामुळे एक शब्द तेवढा गाळायचा आहे, बाकी काही नाही.

तिसरी वाट अशी की पुस्तकातले एकेक विधान घ्यावे आणि ते खरे की खोटे, किती खरे, कोणत्या अर्थाने खरे, हे तपासावे. एरवी आपण वर्गात हेच करतो.

रेल्वेचेच घेऊ. पुस्तकातले म्हणणे असे की रेल्वेने प्लेग पसरवला आणि दुष्काळ वाढवले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ही आपल्या पाठ्यपुस्तकांतली अभिमानाची तारीख, त्यामुळे हे विधान कानाला खटकते. पण प्लेगच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत साथ ओळखली गेली, लोक लाखांनी शहर सोडून पळाले आणि साथ लोहमार्गाच्या कडेकडेने देशात शिरली. पुढच्या दोन-अडीच दशकांत या रोगाने देशात एक कोटीच्या आसपास माणसे मेली. गांधीजींनी मात्र रोग नेण्याचा दोष प्रवाशांच्या अंगातल्या जंतूंना दिला. प्रत्यक्षात तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांचा होता. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत तसा प्रयोग केला होता, पण तो फारसा कोणी मानला नव्हता. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने त्याला दुजोरा मिळाला. धान्याची पोती, सामानाची गाठोडी यांतून पिसवा आणि उंदीर आगगाडीने फिरत. निरीक्षण बरोबर, यंत्रणा चुकीची. असा नमुना विज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसतो, आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवायला तो फार चांगला आहे.

दुष्काळाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. गांधीजींचा युक्तिवाद असा होता की रेल्वे आली म्हणून शेतकरी धान्य विकतो आणि ते जिथे भाव चढा तिकडे जाते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात माणसे मरत होती आणि त्याच काळात देशातून गव्हाची निर्यात चालू होती. म्हणजे आरोप हवेत केलेला नाही. उलट बाजूने १८८० च्या दुष्काळ आयोगाने आणखी लोहमार्ग बांधा असे सांगितले आणि तेही अगदीच चूक नव्हते. अलीकडे डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटिश काळातले जिल्हावार आकडे घेऊन जे काम केले त्यातून दिसते की रेल्वे पोचल्यावर ठिकठिकाणच्या भावांतले अंतर घटले, शेतीचे उत्पन्न वाढले, आणि रॉबिन बर्जेस यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासानुसार पाऊस चुकल्यावर दुष्काळाने होणारे मृत्यूही कमी झाले.

मग कोण बरोबर? इथे १९४३ चा बंगाल आठवावा. तिथे रेल्वे होती, धान्यही अगदी नव्हते असे नाही, तरी लाखो माणसे उपाशी मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की प्रश्न धान्य आहे की नाही एवढाच नसतो. ते घेण्याची ऐपत कोणाकडे आहे, हा असतो. आगगाडी धान्य भुकेकडे नेत नाही, पैशाकडे नेते. आता १९७२-७३ च्या महाराष्ट्राकडे पाहा. दुष्काळ मोठा होता. पण सरकारने दुष्काळी कामे काढली, मे १९७३ च्या सुमारास त्यांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती, त्यांच्या हातात मजुरी पडली आणि त्याच रेल्वेने, त्याच रस्त्यांनी धान्य त्यांच्या दिशेने आले. खडी फोडणाऱ्या बायांचे फार हाल झाले, हे खरेच. पण १८७७ सारखे मृत्यू झाले नाहीत. रोजगार हमीचा कायदा त्या अनुभवातून आला. म्हणजे यंत्र तेच, आणि त्याच्या भोवतीची समाजरचना बदलली की त्याचे काम बदलते. 'हिंद स्वराज्य' यंत्राला दोष देते तिथे पुष्कळदा तो राज्यकर्त्यांच्या आणि बाजाराच्या वागणुकीचा असतो. परंतु यंत्र आले की प्रगती आपोआप आली, या शालेय समजुतीला ते जो धक्का देते तो योग्य आहे.

डॉक्टरांवरच्या प्रकरणात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. माणसाने वाटेल तसे वागावे आणि औषधाने सुटका करून घ्यावी, या वृत्तीवरची टीका समजण्यासारखी आहे. वैद्यकाला सरसकट त्याज्य ठरवणे मुळीच पटत नाही. स्वतः गांधीजींचे आंत्रपुच्छ १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी काढले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. ज्याला जे मत बनवायचे ते त्याने यातून बनवावे.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावी. पुस्तकाच्या शेवटी गांधीजींनी वाचण्यासारख्या वीस पुस्तकांची यादी दिली आहे. तिच्यात टॉलस्टॉय आहेत, रस्किन आहेत, थोरो आहेत, वेगाच्या भ्रमांवरचे एक इंग्रजी पुस्तक आहे, सुधारणा हा एक रोग आहे असे मानणारे एडवर्ड कार्पेंटर आहेत. भारतीय लेखक दोनच: दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त. पाश्चात्त्य संस्कृतीविरुद्धचे हे आरोपपत्र पाश्चात्त्यांच्याच साहाय्याने लिहिलेले आहे. तेव्हा 'पूर्व विरुद्ध पश्चिम' अशी मांडणी करून आज जे कोणी या पुस्तकाचा आधार घेतात त्यांनी निदान ही यादी तरी वाचावी. आपल्या पूर्वजांनी यंत्रे शोधता येत असूनही ती समजूनउमजून टाळली, हा पुस्तकातला दावाही इतिहासाला धरून नाही. खुद्द चरखा हा भारतात बऱ्याच उशिरा आलेला दिसतो. इरफान हबीब यांच्या मते त्याचा इथला पहिला स्पष्ट उल्लेख १३५० मधला, बहमनी दरबाराच्या आश्रयाने लिहिणाऱ्या इसामीच्या फारसी काव्यातला आहे. त्या काळी तेही एक नवे यंत्रच होते, आणि टकळीच्या मानाने कितीतरी वेगाचे.

आता अशा एका टीकेकडे येऊ जी विज्ञानाच्या कसोटीला उतरली. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे हिशेबतपासनीस होते, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये शिकलेले. संघाने आणि 'हरिजन' पत्राने हाती घेतलेल्या पहिल्या विषयांपैकी एक होता तांदूळ. गिरणीत पॉलिश केलेला पांढराशुभ्र तांदूळ की हातसडीचा? गांधीजींनी नामांकित डॉक्टरांना पत्रे पाठवून मते मागवली आणि ती छापली.

यामागचे शास्त्र तेव्हा ताजे होते. जावामध्ये आइकमन यांना १८९० च्या दशकात दिसले होते की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. त्यासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोंड्यातला तो घटक म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. त्याच्या अभावी माणसाला बेरीबेरी होतो. आंध्रच्या किनारी भागात, जिथे गिरणीचा कच्चा तांदूळ खात, तिथे हा रोग होता. उकडा तांदूळ खाणाऱ्यांत तो होत नसे. आमच्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना उकडा तांदूळ काय ते सांगायला नको. भात टरफलासकट भिजवून उकडले की कोंड्यातले जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, आणि मग कांडले तरी सगळे जात नाही. कोणा अनाम बाईने केव्हातरी साठवणीच्या सोयीसाठी काढलेली ही युक्ती आहे. जीवनसत्त्वाचे नावही तिला ठाऊक नव्हते. (वर्गात आयोडीन घेऊन पिष्टाची परीक्षा आपण करतोच. त्याच तासाला हातसडीचा, पॉलिशचा आणि उकडा असे तीन तांदूळ भिंगाखाली ठेवून पाहायला सांगावे.)

कुमारप्पांचा मुद्दा पोषणापुरता नव्हता. गिरणी आली की गावातल्या कांडणाऱ्या बायांची मजुरी जाते, कोंडा जनावरांच्या आणि माणसांच्या तोंडून जातो, आणि पैसा गावाबाहेर जातो, असा सगळा हिशेब ते मांडत. पुढे तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात त्यांनी निसर्गाच्या साठ्यांवर जगणारे आणि निसर्गाच्या चक्रावर जगणारे असा अर्थव्यवस्थांमध्ये फरक केला. कोळसा आणि तेल हे साठे. पाणी, वारा, वनस्पती हे चक्र. नवीकरणीय हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता.

यंत्राविषयीही गांधीजी पुढे पुढे जास्त काटेकोर झाले. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या होत्या. यंत्र हलके असावे, हाताने किंवा पायाने झोपडीत चालावे, बाईला त्यावर फार दमणूक न होता आठ तास काम करता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, नीट वापरले तर वीस वर्षे टिकावे, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आधी अटी लिहायला शिकवतात, त्या या आहेत. फक्त इथे यंत्र चालवणाऱ्या माणसाची दमणूकही अटीत धरलेली आहे. १९७४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा विभाग सुरू केला, तो याच जातीचा विचार होता.

हे सगळे सांगताना या विचाराचे घरातलेच टीकाकार झाकून ठेवता येणार नाहीत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः आधुनिक राष्ट्रवादाचे आणि यंत्रपूजेचे कठोर टीकाकार होते, अस्पृश्यतेचे विरोधक होते. पण त्यांनी ताबडतोब निषेध केला. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, आणि असला युक्तिवाद उद्या सनातन्यांनाही सुधारकांविरुद्ध वापरता येईल, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी ते पत्र आपल्या 'हरिजन'मध्ये छापले, उत्तरही दिले, पण मत बदलले नाही. या वादात रवींद्रनाथच बरोबर होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप आणखी मुळाशी जाणारा होता. १९४५ च्या ग्रंथात त्यांनी लिहिले की यंत्रामुळे अनर्थ होतात ते खासगी मालकीच्या समाजरचनेमुळे. ती बदला, यंत्र टाकू नका. यंत्राशिवाय सामान्य माणसाला विश्रांती नाही, आणि विश्रांतीशिवाय संस्कृती नाही. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहण्यात गेल्या त्यांना साध्या श्रमांचे गोडवे ऐकवून काय उपयोग? हातसडीच्या तांदळाचे गुण मोजताना मुसळ कोणाच्या हातात असते हे विसरले जाते. जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही वसाहती सरकारची झाडाझडती आहे. जंगलखात्याने गायराने बळकावली हा आरोप आहे. पण उपाय म्हणून ते तळी-बंधारे, जनावरांची चांगली पैदास आणि शिक्षण मागतात. परक्या राज्याला विरोध आणि आधुनिक ज्ञानाची मागणी एकाच वेळी करता येते, हे महाराष्ट्रात फार आधी घडले आहे.

आणि महाराष्ट्रातच या प्रश्नाची पहिली मोठी प्रत्यक्ष परीक्षा झाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी मुळशी पेट्यात धरण बांधायला घेतले. पन्नासच्या आसपास गावे आणि दहा-अकरा हजार माणसे उठणार होती. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्यांची ती खाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. गांधीजींनी सुरुवातीला 'यंग इंडिया'त टाटांना विनंती केली की कायद्याच्या हक्कावर अडून बसू नका. पुढे आंदोलनाचे स्वरूप बदलल्यावर ते दूर झाले. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून दिसते की बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या, आणि नुकसानभरपाई पदरात पडल्यावर त्यांचा जोर ओसरला. जमीन कसणाऱ्या कुळांच्या हाती काहीच नव्हते. आधुनिक सुधारणेने अन्याय केला खरा, पण तिच्या आधीची गावेही समतेची नव्हती. १९२२ सालीच रवींद्रनाथांचे 'मुक्तधारा' हे नाटक आले. त्यात एक यंत्रविशारद धरण बांधून खालच्या लोकांचे पाणी अडवतो. आजही मुळशीचे पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याला पडते आणि वीज मुंबईला जाते.

१९२८ च्या डिसेंबरात गांधीजींनी लिहिले की तीस कोटींचा हा देश पश्चिमेच्या पद्धतीने उद्योग करू लागला तर टोळधाडीसारखे सगळे जग ओरबाडून टाकील. हा हिशेब आज नववीतला मुलगाही फळ्यावर करू शकेल. अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो, भारतात सुमारे २ टन. जगात ८०० कोटी माणसे आहेत. सगळे अमेरिकनांसारखे राहिले तर ११,२०० कोटी टन होतील. आज जीवाश्म इंधनांतून होतात सुमारे ३,७०० कोटी, आणि तेवढ्यानेच हवामान बिघडले आहे. गणित येथे संपते आणि अडचण सुरू होते. कारण आपल्या सरासरी दोन टनांत वातानुकूलित घरे आहेत तशी चुलीवर धुरात स्वयंपाक करणारी घरेही आहेत, आणि दुसऱ्या घराला कमी वापरा असे सांगण्याचा अधिकार पहिल्या घराला नाही. वर आलेला आंबेडकरांचा आक्षेप इथे जसाच्या तसा उभा राहतो. 'हिंद स्वराज्य' आणि तो आक्षेप वर्गात जोडीनेच वाचायला हवेत, असे आम्हांला वाटते.

ऑक्टोबर १९४५ मध्ये स्वराज्य दारात आलेले असताना गांधीजींनी जवाहरलाल नेहरूंना लिहिले की आपण अजूनही त्या पुस्तकाला धरून आहोत. नेहरूंनी उत्तर दिले की वीसएक वर्षांपूर्वी वाचले तेव्हाही ते आपल्याला अवास्तव वाटले होते, आणि खेडे हे साधारणतः मागासलेलेच असते. १२ नोव्हेंबरला दोघे पुण्यात बसून बोलले. दुसऱ्या दिवशी गांधीजींनी आपल्याला समजलेले मुद्दे पत्रात लिहून काढले: माणसाचा सर्वांगीण विकास, सर्वांना समान संधी, शहर आणि खेडे यांच्या अन्नवस्त्रात समानता, आणि स्वावलंबी गाव हा पाया. काँग्रेस कार्यकारिणीत यावर सविस्तर चर्चा व्हायची होती. ती कधी झाली नाही. भाक्रा-नांगलला १९५४ साली नेहरूंनी धरणांना नव्या काळाची मंदिरे म्हटले हे सर्वांच्या वाचनात असते. त्यानंतर चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९५८ मध्ये, पाटबंधारे आणि वीज मंडळाच्या अभियंत्यांसमोर बोलताना त्यांनी अवाढव्यपणाच्या रोगाची तक्रार केली आणि देशाचा चेहरामोहरा बदलायचा तर तो लहान लहान पाटबंधारे, लहान उद्योग आणि लहान वीजकेंद्रे यांनीच जास्त बदलेल, असे सांगितले. हे भाषण मात्र आमच्या पाहण्यात तरी कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेले नाही.